‘कळतंय सर, पण जमंना!’

रात्रीचे पावणेबारा. हिंगोली शहरातल्या अभ्यासिकांमधले दिवे एकेक करून बंद होऊ लागतात. पोलीस भरतीची तयारी करणारा एखादा तरुण खोलीवर परततो, झाकून ठेवलेला डबा खातो, अंथरुणावर आडवा होतो आणि ‘पाचच मिनिटं’ म्हणत मोबाईल हातात घेतो. तो खाली ठेवतो तेव्हा दीड वाजून गेलेला असतो. पहाटे साडेचारला गजर, पाचला मैदानावर धावण्याचा सराव. दिवसभरात चार-पाच चहा, दुपारी पुस्तकावर डुलकी आणि रात्री पुन्हा तेच.

महिना-दोन महिन्यांनी हाच तरुण सरकारी दवाखान्याच्या बाह्यरुग्ण विभागात येतो. तक्रार झोपेची नसतेच. डोके दुखते, छातीत जळजळ होते, वाचलेले लक्षात राहत नाही, धावताना पाय जड होतात. तपासणीत काही विशेष निघत नाही. झोपेचा विषय काढला की तो स्वतःच सांगू लागतो: सात-आठ तास झोप हवी, झोपताना मोबाईल नको, रात्रीचा चहा नको. म्हणजे डॉक्टर जे सांगणार ते त्याला आधीच पाठ असते. मग अडते कुठे? उत्तर चार शब्दांचे असते, ‘कळतंय सर, पण जमंना.’

हे वाक्य बहुतेक वेळा सबब म्हणून ऐकले जाते. आईवडील त्याला आळस म्हणतात, शिक्षक शिस्तीचा अभाव म्हणतात आणि घाईत असलेला डॉक्टर तोच सल्ला जरा मोठ्या आवाजात पुन्हा सांगतो. प्रत्यक्षात ते निदानाच्या कामाचे वाक्य आहे. ‘माहीत असणे’ आणि ‘आपल्याला जमेल अशी खात्री असणे’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीचा तुटवडा आता फारसा उरलेला नाही, दुसरीचा आहे. आणि ही दुसरी गोष्ट मोजता येते.

विशीतले घड्याळ उशिराच चालते

आधी तरुणांच्या बाजूने एक गोष्ट सांगायला हवी. त्यांना रात्री लवकर झोप येत नाही, हा केवळ मोबाईलचा दोष नाही. झोप दोन गोष्टींवर ठरते, अशी मांडणी अलेक्झांडर बोरबेली यांनी १९८२ मध्ये केली आणि ती आजही झोपेच्या अभ्यासाचा पाया मानली जाते. पहिली गोष्ट म्हणजे जागेपणी साचत जाणारी झोपेची गरज. आपण जितका वेळ जागे, तितका मेंदूत अ‍ॅडेनोसिन हा पदार्थ साठत जातो आणि डोळे जड होतात. दुसरी गोष्ट म्हणजे मेंदूतले चोवीस तासांचे घड्याळ. उजेड-अंधाराच्या खुणेवर ते चालते आणि रात्र झाली की मेलाटोनिन सोडण्याचा निरोप देते. पेशींमधले हे घड्याळ कोणत्या जनुकांवर चालते याचा उलगडा करणाऱ्या तीन शास्त्रज्ञांना २०१७ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

हे घड्याळ वयाबरोबर सरकते. म्युनिकच्या टिल रोनेनबर्ग यांनी २००४ मध्ये हजारो लोकांच्या झोपेच्या वेळा वयानुसार मांडून दाखवल्या. किशोरवयापासून झोपेची नैसर्गिक वेळ पुढे पुढे जाते, विशीच्या आसपास ती सर्वांत उशिरा असते आणि त्यानंतर हळूहळू मागे येऊ लागते. म्हणजे ज्या वयात मुलगा किंवा मुलगी घर सोडून खोली करून राहते, रात्रीवर लक्ष ठेवणारे कोणी उरत नाही, नेमक्या त्याच वयात शरीरही ‘अजून थोडा वेळ’ असे म्हणत असते. त्यात डोळ्यांसमोर प्रकाश टाकणारा पडदा आणि संध्याकाळनंतरचा चहा यांची भर पडते. चहातले कॅफिन अ‍ॅडेनोसिनची खूण मेंदूपर्यंत पोहोचू देत नाही आणि पोटात गेलेल्या कॅफिनपैकी निम्मे साधारण पाच तासांनीही शरीरात असते. सातला घेतलेल्या चहाचा हिशेब बारालाही पुरता चुकता झालेला नसतो.

लहान मुलांच्या झोपेची दखल राज्य सरकारने घेतली आहे. पूर्वप्राथमिक ते चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत, असा निर्णय फेब्रुवारी २०२४ मध्ये निघाला. अठरा वर्षांपुढच्यांसाठी असा कोणताही शासन निर्णय निघणार नाही. त्यांची रात्र त्यांनाच सांभाळायची आहे. म्हणूनच ‘मला हे सांभाळता येईल’ या खात्रीला त्या वयात सर्वाधिक महत्त्व आहे.

सहा तास ‘पुरतात’ असे वाटते तेव्हा

‘मला पाच-सहा तास पुरतात’ हे वाक्य स्पर्धा परीक्षेच्या तयारीत अभिमानाने सांगितले जाते. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात हान्स व्हॅन डोंगेन आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग या वाक्याला छेद देतो. त्यांनी निरोगी प्रौढांचे गट करून त्यांना सलग १४ दिवस रोज चार, सहा किंवा आठ तासच अंथरुणात राहू दिले. सहा तासवाल्यांची सावधपणाच्या चाचणीतली कामगिरी दिवसेंदिवस घसरत गेली आणि अखेरीस ती एक-दोन रात्री अजिबात न झोपलेल्या माणसाइतकी खालावली. खरी धोक्याची बाब पुढे आहे. या लोकांना स्वतःला तितकी झोप येत असल्याचे जाणवत नव्हते. पहिल्या काही दिवसांनंतर ‘आता सवय झाली’ असे त्यांना वाटू लागले होते. कामगिरी घसरत राहिली, जाणीव मात्र थांबली.

हिंगोलीसारख्या जिल्ह्यात या प्रयोगाचा अर्थ थेट लागतो. राज्य राखीव पोलीस बलाचा गट क्रमांक १२ इथेच आहे, त्यामुळे गणवेशाचे आकर्षण इथल्या तरुणांना लहानपणापासून असते. भरतीच्या मैदानी चाचणीत मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावावे लागते, शिवाय लेखी परीक्षा वेगळी. दिवसा धावून थकलेले स्नायू रात्रीच्या गाढ झोपेत सावरतात आणि दिवसा वाचलेले झोपेतच पक्के होते. झोप तोडून केलेला सराव आणि झोप तोडून केलेले वाचन, दोन्ही गळक्या घागरीत पाणी भरण्यासारखे आहे. त्यात कमी झोपेत पहाटे मोटरसायकल चालवणे ही वेगळीच जोखीम. १८ ते ६० वयाच्या प्रौढांनी रोज किमान सात तास झोपावे, अशी अमेरिकेतल्या झोपतज्ज्ञांच्या संघटनेची २०१५ ची शिफारस आहे.

‘जमेल’ या शब्दाचे शास्त्र

‘जमेल’ ही खात्री वैद्यकशास्त्रात आणणारा माणूस डॉक्टर नव्हता. अल्बर्ट बंडुरा हे कॅनडात जन्मलेले आणि अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात आयुष्य घालवलेले मानसशास्त्रज्ञ. सापाची पराकोटीची भीती असलेल्या माणसांवर त्यांनी काम केले. ‘हा साप बिनविषारी आहे’ हे त्या माणसांना पुरते ठाऊक होते, तरी हात पुढे होत नव्हता. एकेक पायरी चढत, आधी दुरून पाहून, मग हातमोजे घालून, मग उघड्या हाताने साप हाताळल्यावर मात्र त्यांची भीती गेली. माणूस पुढची पायरी चढेल की नाही हे त्याच्या माहितीवरून नव्हे, तर ‘ही पायरी मला जमेल’ या त्याच्या अंदाजावरून अधिक चांगले सांगता येते, असे बंडुरा यांना दिसले. १९७७ मध्ये त्यांनी या खात्रीला ‘सेल्फ-एफिकसी’ हे नाव देऊन सिद्धांत मांडला. सिगारेट सोडणे, मधुमेहात पथ्य पाळणे, हृदयविकारानंतर पुन्हा चालायला लागणे अशा अनेक ठिकाणी तो वापरला गेला.

ही खात्री म्हणजे सर्वसाधारण आत्मविश्वास नव्हे. गावच्या स्नेहसंमेलनात बिनधास्त भाषण ठोकणाऱ्या मुलाला रात्री अकराला मोबाईल ठेवणे जमेलच असे नाही. आणि चारचौघांत तोंड न उघडणारी मुलगी वर्षभर ठरल्या वेळी झोपते. खात्री त्या त्या कामापुरती असते, म्हणून तिची मोजणीही त्या त्या कामापुरतीच करावी लागते. बंडुरा यांनी मोजणीचे नियम घालून दिले. प्रश्न ‘करशील का’ असा नको, ‘करता येईल का’ असा हवा, कारण पहिला प्रश्न इच्छेचा आहे आणि दुसरा क्षमतेचा. ‘पुढे कधीतरी’ नको, ‘आज, आत्ताच्या परिस्थितीत’ हवे. आणि सोप्यापासून अवघडापर्यंत पायऱ्या हव्यात, कारण सोप्या प्रसंगी सगळेच शंभर गुण देतात. उत्तर ० ते १०० मध्ये द्यायचे. त्याची सवय व्हावी म्हणून आधी वजन उचलण्याचे प्रश्न विचारावेत, असेही त्यांनी सुचवले. हळदीच्या बाजारात वाढलेल्या मुलाला हे लगेच कळेल: दहा किलो उचलण्याची खात्री किती? पंचवीस किलोची? आणि ५० किलोचे पोते?

झोप हातात नाही, सवय आहे

झोप मोजण्याच्या प्रश्नावल्या पुष्कळ आहेत. पिट्सबर्गच्या डॅनियल बायसे यांनी १९८९ मध्ये तयार केलेली प्रश्नावली गेल्या महिन्यातल्या झोपेचा दर्जा ० ते २१ गुणांत सांगते. पाचपेक्षा जास्त गुण म्हणजे झोप बिघडलेली. मेलबर्नच्या मरे जॉन्स यांची १९९१ ची आठ प्रश्नांची एपवर्थ मोजपट्टी दिवसा किती पेंग येते ते मोजते. पण या दोन्ही काय घडले ते सांगतात, काय जमेल ते नाही.

झोपेबाबतची खात्री मोजण्याचा आधीचा एक प्रयत्न अमेरिकेतल्या पॅट्रिशिया लॅक्स यांचा. निद्रानाशाच्या रुग्णांसाठी त्यांनी १९८७ मध्ये नऊ प्रश्न तयार केले. अंथरुणात मन शांत ठेवता येईल का, अर्ध्या तासात झोप लागेल का, मध्यरात्री जाग आली तर पुन्हा लवकर झोपता येईल का, अशा धर्तीचे. रुग्णांसाठी हे प्रश्न उपयोगाचे आहेत. पण ज्याला आजार नाही, नुसती सवय मोडलेली आहे, अशा तरुणासाठी त्यात एक अडचण आहे. अर्ध्या तासात झोप लागणे कोणाच्याच हातात नसते. झोप आणता येत नाही, ती येते. तिच्यामागे लागले की ती आणखी लांब पळते, हा अनुभव प्रत्येकाचा आहे. हातात असते ते तिच्यासाठी जागा तयार करणे: ठरल्या वेळी उठणे, मोबाईल दूर ठेवणे, संध्याकाळचा चहा टाळणे, दिवा मंद करणे.

म्हणून तरुणांच्या मोजपट्टीत प्रश्न झोपेचे नव्हे, सवयींचे हवेत. शेतकऱ्याला ‘पाऊस पाडता येईल का’ असे कोणी विचारत नाही, ‘पेरणीआधी रान तयार ठेवता येईल का’ असे विचारतात. हा फरक न पाळल्यास मोजपट्टी तरुणाच्या पदरी अपयशच टाकते, कारण त्याच्या हातात नसलेल्या गोष्टीचे गुण ती मागते.

प्रश्न हिंगोलीच्या बोलीत हवा

औंढा नागनाथजवळ ‘लायगो-इंडिया’ प्रकल्प उभा राहतो आहे. त्याच्या चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजांमध्ये प्रोटॉनच्या रुंदीच्या दहा हजाराव्या भागाइतका फरक टिपण्याची अशा यंत्रांची क्षमता असते. माणसाची खात्री मोजणारे यंत्र मात्र शब्दांचेच असते आणि शब्द हलला की माप हलते. परदेशी प्रश्नावलीचे नुसते भाषांतर म्हणूनच चालत नाही.

‘कॉन्फिडन्स’ला मराठीत ‘आत्मविश्वास’ म्हटले की उत्तर देणारा आपल्या स्वभावाचा विचार करू लागतो. ‘खात्री’ किंवा ‘कितपत जमेल’ म्हटले की तो कामाचा विचार करतो. ‘बेडरूममधला टीव्ही बंद ठेवता येईल का’ हा प्रश्न एकाच खोलीत पाच जण झोपणाऱ्या घराला लागूच पडत नाही. ‘वीकेंडला उशिरा उठणे टाळता येईल का’ हा प्रश्न शेतावर राबणाऱ्या मुलाला कळत नाही, त्याला रविवार वेगळा नसतो. ‘मोबाईल आणि चहा टाळता येईल का’ हा प्रश्न दिसायला सोपा, पण त्यात दोन प्रश्न आहेत. एक जमतो, दुसरा नाही, मग उत्तर कशाचे द्यायचे?

गुणांचीही गंमत आहे. ‘शंभरपैकी किती’ हे शाळेमुळे सगळ्यांना समजते, पण आपल्याकडे ३५ गुण म्हणजे पास हेही डोक्यात पक्के असते. ‘चाळीस टक्के खात्री आहे’ असे म्हणणाऱ्याला आपण उत्तीर्ण झालो असे वाटू शकते. आणि प्रश्न विचारणारा डॉक्टर किंवा प्राध्यापक असेल, तर ‘हो सर, जमेल की’ हे उत्तर आदराने येते, खात्रीने नाही. म्हणून कागदावर नाव नको, आणि ‘इथे बरोबर-चूक काही नाही’ हे आधी सांगायला हवे.

यापुढे कामाचा कंटाळवाणा पण महत्त्वाचा भाग येतो. मराठीत केलेले प्रश्न दुसऱ्या व्यक्तीकडून पुन्हा मूळ भाषेत आणून पाहणे, दहा-बारा तरुणांना ते मोठ्याने वाचायला लावून ‘यातून तुला काय समजले’ असे विचारणे, तोच कागद दोन आठवड्यांनी पुन्हा भरून घेऊन उत्तरे टिकतात का ते बघणे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे ज्यांनी जास्त गुण दिले त्यांची झोप खरोखर बरी आहे का, हे सात दिवसांच्या झोपेच्या नोंदवहीशी किंवा मनगटावर बांधायच्या उपकरणाशी ताडून पाहणे. खात्री भरपूर आणि झोप साडेचार तास, अशी माणसेही भेटतातच.

हिंगोलीत हे काम करायला आता जागा आहे. २०२४ मध्ये इथे १०० जागांचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. पहिल्या वर्षाचे विद्यार्थी स्वतःच या प्रश्नावलीच्या वयाचे आहेत आणि रात्र-रात्र जागून शरीररचनाशास्त्र पाठ करण्याची परंपराही वैद्यकीय महाविद्यालयांना नवी नाही. शहरातली इतर महाविद्यालये, अभ्यासिका आणि भरतीपूर्व प्रशिक्षणाची मैदाने सोबत घेतली, तर मराठवाड्याच्या बोलीत तपासलेली मोजपट्टी इथेच तयार होऊ शकते.

ज्यांची रात्र त्यांच्या हातात नाही

पण मोजपट्टी घेऊन निघालेल्याने एक पथ्य पाळायला हवे. कमी गुण म्हणजे कमकुवत मन, असा अर्थ काढता कामा नये.

रब्बीच्या दिवसांत गहू, हरभरा आणि हळदीला पाणी द्यायचे असते. शेतीपंपाची वीज आलटून-पालटून काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री मिळते. रात्रीच्या पाळीत घरातला तरुण मुलगाच बॅटरी घेऊन शेतात जातो. अंधारात साप असतो, ओल्या पायांनी स्टार्टरला हात लावताना विजेचा धक्का बसण्याची भीती असते. त्याला ‘अकराला झोपण्याची किती खात्री’ असे विचारले, तर शून्य हेच प्रामाणिक उत्तर आहे. ते त्याच्या मनाचे माप नसून विजेच्या वेळापत्रकाचे माप आहे. शेतकऱ्यांना दिवसा वीज देणे हा मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेचा उद्देश आहे. ती जिथे पोहोचेल तिथे झोपेचा प्रश्नही थोडा सुटेल.

लग्नसराईतला डीजे हेही तसेच उदाहरण. रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपक वाजवण्यास २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी मनाई केली आहे, पण पोलिसांना फोन करण्याची खात्री एकट्या विद्यार्थ्याकडून कशी मागायची? उन्हाळ्यात पत्र्याच्या खोलीत मध्यरात्रीपर्यंत भिंती तापलेल्या असतात. रात्रपाळीची परिचारिका, सुरक्षारक्षक, हळदीच्या हंगामातला हमाल यांचेही तेच. म्हणून प्रत्येक प्रश्नाशेजारी एक रिकामी ओळ हवी: ‘जमत नसेल तर कशामुळे?’ त्या ओळीतली उत्तरे एकत्र केली, तर कोणते अडथळे तरुणाने दूर करायचे आणि कोणते गावाने, महाविद्यालयाने किंवा सरकारने, हे वेगळे करता येते.

खात्री वाढते कशी?

बंडुरा यांच्या मते ही खात्री चार वाटांनी वाढते. पहिली आणि सर्वांत भक्कम वाट म्हणजे स्वतः मिळवलेले छोटे यश. दीडला झोपणाऱ्याने उद्यापासून साडेदहाला झोपण्याचा संकल्प केला, तर तो दोन दिवसांत मोडतो आणि ‘आपल्याला जमणारच नाही’ हा समज पक्का होतो. त्याऐवजी उठण्याची वेळ कायम ठेवून झोपण्याची वेळ आठवड्याला १५ मिनिटांनी मागे आणली, तर पहिल्याच आठवड्यात काहीतरी जमते.

दुसरी वाट म्हणजे आपल्यासारख्याला जमलेले पाहणे. मोठ्या शहरातल्या तज्ज्ञाच्या चित्रफितीपेक्षा, त्याच अभ्यासिकेतून भरती झालेल्या दादाने ‘मी साडेदहानंतर कधी वाचलं नाही’ असे सांगणे जास्त काम करते. तिसरी वाट विश्वासातल्या माणसाचे शब्द. ‘तुझ्याच्यानं काही होणार नाही’ असे रोज ऐकणाऱ्याची खात्री घटते, हे पालकांनी लक्षात ठेवावे. पण नुसते ‘होईल रे’ही पुरत नाही, शब्दाला पहिल्या वाटेवरच्या यशाची जोड लागते. चौथी वाट शरीराच्या खुणांचा अर्थ लावण्याची. अंथरुणात छाती धडधडली की ‘आज झोप लागणारच नाही’ असे वाटते. ती परीक्षेची साधी काळजी आहे हे ओळखता आले, तर ती धडधड झोपेची शत्रू ठरत नाही.

मोजणीचा खरा उपयोग इथे होतो. संधिवातासारख्या जुनाट आजारांच्या रुग्णांना स्वतःची काळजी घ्यायला शिकवणाऱ्या केट लोरिग याही स्टॅनफर्डच्याच. त्यांच्या वर्गात रुग्ण आठवडाभराचा एक छोटा बेत ठरवतो आणि तो पार पडण्याची खात्री ० ते १० मध्ये सांगतो. उत्तर सातपेक्षा कमी आले, तर रुग्णाला उपदेश करत नाहीत, बेत लहान करतात. ‘रोज अर्धा तास आधी मोबाईल बंद’ याची खात्री चार असेल, तर ‘आठवड्यातून तीन दिवस, दहा मिनिटे आधी’ करून पुन्हा विचारायचे. आकडा सातवर आला की सुरुवात. बदलायचा तो बेत, माणूस नव्हे.

स्वतःला विचारा

खालील आठ प्रश्न वाचकांना स्वतःशी पडताळून पाहता येतील. ही शास्त्रीय कसोटीतून गेलेली मोजपट्टी नाही आणि यातून आजाराचे निदान होत नाही. ‘सध्याच्या परिस्थितीत, आठवड्यातले किमान पाच दिवस, हे मला कितपत जमेल?’ असे विचारून प्रत्येकाला ० ते १० गुण द्यावेत.

१. रोज साधारण एकाच वेळी उठणे, सुट्टीच्या दिवशीही.
२. झोपण्याच्या अर्धा तास आधी मोबाईल हात पोहोचणार नाही इतक्या अंतरावर ठेवणे.
३. मित्रांचे मेसेज येत असतानाही तो तिथेच राहू देणे.
४. संध्याकाळी पाचनंतर चहा-कॉफी न घेणे.
५. सोबतचे टपरीवर आग्रह करत असतानाही नाही म्हणणे.
६. परीक्षा आठ दिवसांवर आली असतानाही झोपेचे तास न तोडणे.
७. बराच वेळ झोप आली नाही, तर तळमळत न पडता उठून मंद उजेडात शांत बसणे आणि डोळे जड झाल्यावरच परत अंथरुणावर जाणे.
८. दोन रात्री बिघडल्या, तरी तिसऱ्या दिवसापासून पुन्हा वेळेवर येणे.

बेरीज करण्याची गरज नाही. पाच ते सहा गुण मिळालेली एकच सवय निवडावी. शून्याची निवडू नये आणि दहाचीही नाही. ती इतकी लहान करावी की गुण सातवर येतील, आणि दोन आठवडे तेवढीच पाळावी. शेजारी उठण्या-झोपण्याची वेळ वहीत लिहावी. आठव्या प्रश्नाकडे मात्र विशेष लक्ष द्यावे. सवय मोडते ती एका जागरणाने नव्हे, ‘आता मोडलीच’ असे म्हणून सोडून दिल्याने.

सगळेच सवयीवर ढकलू नये

काही तक्रारींत खात्रीचा प्रश्न नसतो, आजाराचा असतो. पुरेसा वेळ अंथरुणात असूनही आठवड्यातून तीन किंवा अधिक रात्री झोप लागत नाही आणि हे तीन महिने चालले आहे, मोठ्याने घोरताना श्वास अडकतो, रात्री पायांत अस्वस्थ वळवळ होते, तर डॉक्टरांना दाखवावे. पायांच्या वळवळीमागे लोहाची कमतरता असू शकते आणि तरुण मुलींमध्ये ती विरळ नाही. मन उदास राहणे, कशातच रस न वाटणे, जगणे नकोसे होणे यांसोबत झोप गेली असेल, तर वाट पाहू नये. ‘टेलिमानस’ची १४४१६ ही सरकारी मदतवाहिनी दिवसरात्र मोफत आहे आणि तिथे मराठीत बोलता येते. औषधाच्या दुकानातून परस्पर झोपेची गोळी घेण्याचा मार्ग मात्र कोणीही धरू नये.

बाह्यरुग्ण विभागातल्या गर्दीत एका रुग्णाला मिळणारी मिनिटे मोजकीच असतात. त्या वेळात झोपेचे दहा फायदे सांगण्याऐवजी एक प्रश्न विचारता येतो: ‘यातलं काय जमेल, आणि दहापैकी किती?’ ‘सगळं जमंना’ म्हणणारा तरुण जरा थांबतो, विचार करतो आणि सांगतो, ‘सर, सकाळी एकाच वेळी उठणं जमेल. सात.’ पुढच्या पंधरवड्यापुरते तेवढे पुरेसे आहे.